आरव्ही घेऊन सिल्व्हर्टनला: कोलोरॅडोच्या खाणगावाचा घाट कसा चढावा, कसा उतरावा

कोलोरॅडोच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात सान हुआन डोंगरांच्या वाटीत सिल्व्हर्टन आहे. उंची ९,३१८ फूट. १८७४ साली वसलं, सोन्याचांदीच्या खाणींवर जगलं, आणि १९९१ मध्ये सनीसाइड ही शेवटची मोठी खाण बंद झाल्यावरही ओस पडलं नाही. २०२० च्या जनगणनेत इथे ६२२ माणसं होती. जुनी तुरुंगाची इमारत, लाकडी दुकानं, मातीचे रस्ते आणि रोज वाफेच्या गाडीची शिट्टी असं हे गाव आहे. अमेरिकेत राहणारी मराठी कुटुंबं उन्हाळ्यात आई-बाबा आले की आरव्ही, म्हणजे झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली मोठी गाडी, भाड्याने घेऊन कुठेतरी निघतात. त्यांनी इथे जरूर यावं, पण तयारीने यावं.

तयारी म्हणजे मुख्यतः उंचीची. कळसूबाई साधारण ५,४०० फूट. सिल्व्हर्टनला जायचं तर पायथ्याचं ड्युरँगो गावच ६,५१२ फुटांवर, म्हणजे कळसूबाईच्याही वर. तिथून गाडी दोन खिंडी ओलांडते: कोल बँक १०,६४० फूट आणि मोलास १०,९१० फूट. इंजिन किती ओढेल, फ्रिज चालेल का, कुकरच्या किती शिट्ट्या करायच्या, आजीला रात्री झोप लागेल का, हे सगळं ही उंचीच ठरवते.

गाडी कोणती आणि कुठून

२५ फुटांपर्यंतची 'क्लास सी' आरव्ही घ्या. ही व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेली असते, ड्रायव्हरच्या डोक्यावर झोपायचा कप्पा असतो. २८ फुटीही जाते, पण त्या तीन फुटांचा त्रास प्रत्येक वळणावर होतो. माणसं किती झोपतील एवढंच बघू नका, सीटबेल्ट किती आहेत ते मोजा. सहा जण झोपू शकतात म्हणजे सहा जण बसू शकतात असं नाही. आणि गाडी चालू असताना मागे उठून चहा करायचा नाही, कुणीही नाही.

अल्बुकर्कीहून ड्युरँगो साधारण २१५ मैल, रस्ता बराच सरळ. डेन्व्हरहून साधारण ३४० मैल, आणि वाटेत १०,८५७ फुटांची वुल्फ क्रीक खिंड. पहिल्यांदाच आरव्ही चालवणार असाल तर अल्बुकर्की निवडा. मोकळ्या रस्त्यावर चार तास हात बसतो, मग घाट समोर येतो. भारतीय परवान्यावर चालवणार असाल तर सोबत आंतरराष्ट्रीय परवानाही घ्या, आणि करारात 'कच्च्या रस्त्यावर न्यायची नाही' हे कलम आहे का ते वाचून घ्या. बहुतेक वेळा असतं, आणि सिल्व्हर्टनमध्ये मुख्य रस्ता सोडला की कच्चे रस्तेच आहेत.

ताब्यात घेताना पाऊण तास काढा. टायरची हवा गाडी थंड असताना, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे तपासा. मागे जोडचाकं असतात. आतल्या चाकाचा व्हॉल्व्ह हाताला येत नाही म्हणून नेमकं तेच तपासायचं राहून जातं, आणि आतलं चाक बसलं की बाहेरच्यावर दुप्पट भार येऊन तेही तापून फुटतं. गाडीची उंची कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवा. हायवेच्या पुलांपेक्षा पेट्रोल पंपाचं छप्पर आणि झाडाची फांदी जास्त वेळा आडवी येते.

दोन रात्री ड्युरँगोत

हा नियम मोडू नका. समुद्रसपाटीवरून विमानाने येऊन त्याच दिवशी ९,३०० फुटांवर झोपायला गेलं तर डोकेदुखी, मळमळ, झोपमोड ठरलेली. घरातल्या तरुणांनाही होते, फक्त ते बोलून दाखवत नाहीत. ड्युरँगोत दोन रात्री काढा, पाणी नेहमीपेक्षा जास्त प्या, दारू टाळा, पहिल्या दिवशी दमछाक होईल असं काही करू नका. रक्तदाब, हृदय किंवा फुप्फुसाचा त्रास असलेल्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना नेमकी उंची सांगून विचारावं. 'डोंगरात जातोय' एवढं पुरत नाही, '२,८४० मीटरवर दोन रात्री झोपणार' असं सांगा. वर गेल्यावर बसल्या जागी धाप लागली, बोलणं असंबद्ध झालं किंवा चालताना झोक जायला लागला, तर सकाळची वाट बघू नका, लगेच खाली उतरा. मोठं हॉस्पिटल ड्युरँगोतच आहे, पन्नासेक मैल मागे.

या दोन दिवसांत सामान भरा आणि इंधनाची टाकी काठोकाठ भरा. वर पंप आहे, पण भाव जास्त. एक बारीक गोष्ट: कोलोरॅडोत साधं पेट्रोल ८५ ऑक्टेनचं मिळतं. ही पद्धत जुन्या कार्ब्युरेटरच्या इंजिनांच्या काळातली. आजच्या इंजिनांना मॅन्युअलमध्ये ८७ लिहिलेलं असतं, आणि लादलेल्या गाडीने घाट चढायचा असताना ८७ च भरा. पंपावर जाण्याआधी प्रोपेन सिलिंडरचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा. मायलेज गॅलनला आठ ते दहा मैल धरा, म्हणजे लिटरला साडेतीन-चार किलोमीटर.

घाट

ड्युरँगोहून सकाळी सातपर्यंत निघा. जुलै-ऑगस्टमध्ये इथे दुपारी पाऊस येतो, तोही गारा आणि विजांसकट. एक वाजेपर्यंत दोन्ही खिंडी मागे पडलेल्या असाव्यात. अंतर ५० मैलांच्या आत, पण दोन तास धरा. सकाळी हरणं आणि एल्क रस्त्यावर येतात, म्हणून पहिला अर्धा तास अगदी सावकाश.

निघताना गाडीभोवती एक फेरी मारा आणि हात लावून बघा: पायरी आत, छताच्या खिडक्या बंद, अँटेना खाली, विजेची केबल आणि पाण्याचा पाइप सुटलेला, बाहेर सरकवता येणारी बाजूची खोली आत घेतलेली, कपाटांच्या कड्या लागलेल्या, फ्रिजचं दार अडकवलेलं. फ्रिजची कडी विसरली तर पहिल्याच वळणावर दह्याचा डबा जमिनीवर असतो.

चढणीवर इंजिन दमतं. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनची ताकद दर हजार फुटांना साधारण तीन टक्के कमी होते, म्हणजे मोलासवर जवळपास एक तृतीयांश गेलेली असते. गिअरच्या दांड्यावरचं 'टो-हॉल' (जड ओझ्यासाठी गिअर खालचा राखणारं) बटण दाबून चालू ठेवा. इंजिन ३,५००-४,००० फेऱ्यांवर घोंगावेल, ते बरोबर आहे. त्या आवाजाला घाबरून ॲक्सिलरेटर सोडू नका. तापमानाचा काटा वर सरकला तर आधी एसी बंद करा. तरीही चढत राहिला तर केबिनचा हीटर पूर्ण चालू करा, खिडक्या उघडा आणि पुढच्या मोकळ्या जागेत थांबा. इंजिन लगेच बंद करू नका, दोन मिनिटं तसंच चालू द्या. रेडिएटरचं झाकण मात्र गरम असताना अजिबात उघडायचं नाही. मागे चार-पाच गाड्या जमल्या की बाजूला घेऊन त्यांना जाऊ द्या. इथले लोक रोज या रस्त्याने कामाला जातात.

उतारासाठी आपल्या खंडाळ्या-वरंध्याच्या चालकांचं जुनं वाक्य इथेही लागू पडतं: ज्या गिअरवर चढलात त्याच गिअरवर उतरा. मोलासवरून सिल्व्हर्टनपर्यंत सहा-सात मैलांत सुमारे १,६०० फूट उतरायचं आहे. माथ्यावरच गिअर दुसऱ्यावर घ्या, उतार सुरू झाल्यावर नव्हे. मग ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. वेग ठरवा, समजा ताशी ३० मैल. गाडी ३० वर पोचली की ब्रेक घट्ट दाबून २५ वर आणा आणि पाय पूर्ण उचला. पुन्हा ३० होईपर्यंत ब्रेकला हातपाय लावायचा नाही. मधल्या त्या काही सेकंदांत ब्रेक गार होतात. हलका पाय सतत ठेवला तर पॅड तापतात, ब्रेक ऑइल उकळून पाइपात बुडबुडे होतात, आणि पेडल दाबलं तरी मऊसर खाली जातं. त्याआधी जळक्या क्लचसारखा उग्र वास येतो. वास आला की पहिल्या मोकळ्या जागेत थांबा, अर्धा तास थांबा, आणि चाकांवर पाणी टाकू नका.

गाडीचं शेपूट विसरू नका. मागच्या चाकांच्या मागे सात-आठ फूट सांगाडा लोंबता असतो. उजवीकडे जोरात वळलात की ते शेपूट डावीकडे फूट-दीड फूट बाहेर फेकलं जातं. पंपावरचे आणि कॅम्पातले बहुतेक अपघात असेच होतात, पुढून नव्हे.

पुढे ओरेला जायचं का?

सिल्व्हर्टन ते उत्तरेकडचं ओरे गाव या साधारण २५ मैलांना 'मिलियन डॉलर हायवे' म्हणतात. मूळ वाट ओटो मिअर्स या रस्ते बांधणाऱ्याच्या १८८० च्या दशकातल्या टोल रस्त्याची. वाटेत ११,०१८ फुटांची रेड माउंटन खिंड आणि मग ओरेच्या वरची खोल दरी. तिथे रस्त्याला कठडे नाहीत, कारण हिवाळ्यात नांगरगाड्यांना बर्फ कडेवरून खाली लोटावा लागतो. आमचं स्पष्ट मत: पहिल्यांदाच आरव्ही चालवत असाल तर जाऊ नका. सिल्व्हर्टनमध्ये जीप भाड्याने मिळते, ती घ्या. जायचंच असेल तर सिल्व्हर्टनकडून ओरेकडे जा. अमेरिकेत गाडी उजवीकडून चालवतात, त्यामुळे उत्तरेला जाताना तुम्ही डोंगराच्या बाजूला असता. ओरेकडून आलात तर दरीच्या कडेला, आणि शेजारी बसलेल्या माणसाला खिडकीतून रस्ता दिसतच नाही.

गावात उतरल्यावर

आरव्ही थेट कॅम्पात लावा आणि चालत फिरा. गाव लहान आहे, एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पंधरा-वीस मिनिटं लागतात. गावात खासगी आरव्ही पार्क आहेत. जुलै आणि ऑगस्टसाठी काही महिने आधी जागा धरा. मोलास तळ्याकाठीही कॅम्प आहे, दृश्य अप्रतिम, पण ती जागा गावापेक्षा हजारएक फूट उंच. ज्येष्ठ मंडळी असतील तर झोपायला गावातच या.

जोडणी करताना क्रम पाळा. आधी गाडी समतल करा, चाकाखाली ठोकळे घालून. हे फक्त झोपेसाठी नाही. गॅसवर चालणाऱ्या फ्रिजमधला द्रव स्वतःच्या वजनाने फिरतो. गाडी कलती असली की तो फिरायचा थांबतो आणि फ्रिज हळूहळू गरम होतो. मग खांबावरचा विजेचा ब्रेकर बंद असताना केबल लावा आणि नंतर चालू करा. ३० अँपिअरची जोडणी म्हणजे ३,६०० वॅट: मायक्रोवेव्ह, पाण्याचा इलेक्ट्रिक हीटर आणि हेअर ड्रायर एकदम लावले की ब्रेकर पडतो. पाण्याच्या नळाला आधी प्रेशर रेग्युलेटर, मग पाइप. डोंगरातल्या नळांचा दाब कधी कधी गाडीच्या प्लॅस्टिक नळ्यांना सोसत नाही.

उंचीवर हवा विरळ, त्यामुळे गॅसवरच्या फ्रिजची ज्योत विझू शकते. पॅनलवर 'चेक' दिवा लागला तर ते कारण असू शकतं. कॅम्पात असताना फ्रिज विजेवर ठेवा. इन्सुलिनसारखी औषधं मात्र फ्रिजच्या भरवशावर न ठेवता वेगळ्या बर्फाच्या पेटीत, बर्फाला थेट न लागता, कापडात गुंडाळून ठेवा. जनरेटरही दमतो: ४,००० वॅटचा जनरेटर इथे तीन हजारांच्या आतच देतो. त्यावर उंचीची तबकडी असेल तर ती ९,००० वर फिरवा, नाहीतर काळा धूर निघतो.

रात्री थंडी असते. जुलैतही पहाटे तीन-चार अंश, जून आणि सप्टेंबरमध्ये शून्याखाली. झोपण्यापूर्वी पाण्याचा पाइप काढून रिकामा करा आणि रात्री गाडीच्या टाकीतलं पाणी पंपाने वापरा. पाइप गोठला तर सकाळी चहाला पाणी नाही, आणि नळाची तोटी फुटली तर भरपाई तुमची.

ओट्याजवळचं

पाणी इथे सुमारे ९० अंशांनाच उकळतं. उघड्या पातेल्यातला भात वरून शिजलेला आणि आतून कच्चा राहतो, आणि तुरीची डाळ तर तासभर उकळूनही अख्खीच. म्हणून कुकर आणाच. पण कुकरही खालच्यासारखा वागत नाही. शिट्टीचं वजन बाहेरच्या हवेपेक्षा ठरावीक दाब राखतं. बाहेरची हवाच विरळ, म्हणून आतलं तापमान १२१ ऐवजी ११५-११६ अंशांच्या आसपास राहतं. घरी तीन शिट्ट्यांत होणाऱ्या डाळीला इथे पाच लागतात. डाळ आधी तासभर भिजवली तर चार पुरतात. राजमा-छोले रात्रभर भिजवलेले असले तरच घ्या, नाहीतर गॅस वाया.

फोडणीपूर्वी छताचा पंखा 'बाहेर' दिशेला चालू करा आणि ओट्याजवळची खिडकी चार बोटं उघडा. हे न करता मोहरी तडतडली की धुराचा अलार्म किंचाळतो, आणि मग कुणीतरी त्याची बॅटरी काढतं. ती कधीच काढू नका. त्याच गाडीत रात्री गॅसवरची शेगडी आणि हीटर असतात. जमिनीजवळ बसवलेला अलार्म प्रोपेनचा असतो, कारण प्रोपेन हवेपेक्षा जड असून खाली साचतो. तो वाजला की शंका न घेता सगळ्यांना बाहेर काढा, सिलिंडर बाहेरून बंद करा, आत कोणतंही बटण दाबू नका.

चिवड्याची पाकिटं फुगून टणक होतील, ती सुरीने टोचून सोडा. लोणच्याच्या बरण्या खिंड चढण्याआधीच प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून उभ्या ठेवा. खाली बंद केलेल्या बरणीत हवेचा दाब जास्त असतो, तो तेलाला झाकणाच्या आट्यांतून बाहेर ढकलतो, आणि ते लाल तेल गादीत मुरलं की निघत नाही.

सांडपाणी

टाक्या दोन: संडासाची काळी आणि बेसिन-अंघोळीची करडी. काळ्या टाकीची झडप कॅम्पात कायम बंद ठेवा. उघडी ठेवली तर पाणी वाहून जातं आणि घट्ट भाग तळाशी ढिगासारखा साचतो. आपल्याकडे पाण्याने धुण्याची सवय असते. तिने टाकी लवकर भरते, पण आतलं पातळ राहतं हा फायदाच आहे. ओले टिश्यू टाकीत टाकायचे नाहीत. टाकी दोन तृतीयांश भरली की हातमोजे घाला, जाड पाइप आधी गाडीला आणि मग जमिनीतल्या भोकाला लावा, त्या टोकावर दगड ठेवा. आधी काळी उघडा, प्रवाहाचा आवाज पूर्ण थांबेपर्यंत थांबा, बंद करा. मग करडी उघडा, म्हणजे साबणाचं पाणी पाइप धुऊन नेतं. काढताना गाडीकडचं टोक आधी सोडा आणि उचलून धरा. पिण्याच्या पाण्याचा पाइप या कामाच्या जवळपासही आणू नका.

काय बघायचं

ओल्ड हंड्रेड खाणीत छोट्या विद्युत गाडीत बसवून गॅलेना डोंगराच्या पोटात सुमारे एक तृतीयांश मैल नेतात आणि तिथे यंत्रं चालवून दाखवतात. आत उन्हाळ्यातही जेमतेम नऊ अंश. स्वेटर आणि बंद बूट हवेतच, छतातून पाणी ठिबकतं. वाटेवरची मेफ्लॉवर गिरणी १९२९ ची. दगड फोडून, दळून, फेसावर धातू तरंगवून वेगळा करण्याची साखळी तिथे जशीच्या तशी उभी आहे. समोर अरास्ट्रा घळीकडे नजर टाकली की खाणीतून खनिज आणणाऱ्या दोरीमार्गाचे मनोरे दिसतात. गिरणीत शिरण्याआधी ते मनोरे मुलांना दाखवा, मग आतल्या यंत्रांचा क्रम आपोआप कळतो. याच घळीत १८७० मध्ये सोनं सापडलं. ही भूमी तेव्हा यूट या मूळ रहिवाशांची होती. १८७३ च्या ब्रुनो कराराने ती त्यांच्याकडून गेली आणि पुढच्याच वर्षी गाव वसलं. सिल्व्हर्टन बघताना एवढं तरी माहीत असायला हवं.

ॲनिमस फोर्क्स हे ओसाड खाणगाव साधारण १२ मैल वर, ११,२०० फुटांवर. तिथे आरव्ही नेऊ नका, जीपनेच जा.

ओढ्यांचं पाणी पिऊ नका, गाळून किंवा उकळूनही. सिमेंट क्रीकचे नारिंगी दगड जुन्या खाणींतून झिरपणाऱ्या लोहाने रंगलेले आहेत, आणि त्याच पाण्यात इतर धातूही असतात. ५ ऑगस्ट २०१५ ला गोल्ड किंग खाणीतून तीस लाख गॅलन दूषित पाणी सुटलं आणि ॲनिमस नदी मोहरीच्या रंगाची झाली. सोडून दिलेल्या खाणींच्या तोंडातही शिरू नका. आत प्राणवायू नसलेली हवा साचते, तिला वास नसतो, आणि लाकडी टेकू शंभर वर्षांपूर्वीचे असतात. सरकारी जमिनीवरचा गंजका खिळासुद्धा उचलणं गुन्हा आहे.

घाटाची भीती वाटत असेल तर आरव्ही ड्युरँगोतच ठेवून १८८२ च्या अरुंद मार्गावरच्या रेल्वेने या. ४५ मैलांना साडेतीन तास लागतात, वर सुमारे दोन तास मिळतात. रुळांत तीन फुटांचं अंतर, आपल्या माथेरानच्या गाडीपेक्षा फूटभर जास्त. एका वाटेला रेल्वे आणि दुसऱ्या वाटेला बस अशी तिकिटंही असतात. ज्येष्ठांना तीच सोसतात.

परतताना सिल्व्हर्टनहून निघाल्याबरोबर मोलासची चढण लागते, थंड इंजिनाने. म्हणून निघण्यापूर्वी दहा मिनिटं गावातच सावकाश फिरवून इंजिन गरम करा. जिथे दरीची बाजू तुमची असेल तिथे गाडी मधल्या पिवळ्या रेघेकडे धरून ठेवा, पण ओलांडू नका. कोल बँकवरून पर्गेटरी या स्कीच्या ठिकाणापर्यंतचा उतार मोलासच्या उतारापेक्षा लांब आहे. तिथे पोचलात की थांबा, चाकाच्या रिमजवळ हाताचा तळवा न टेकवता धरा. चार बोटांवरूनच झळ लागली तर वीस मिनिटं तिथेच बसा.